तिसऱ्या वळणावरचा दगड

एका घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध मिस्त्री राहत होते. डिझेल इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ते त्याचा विकार ओळखत. सारा घाट त्यांना वस्ताद म्हणे.

त्यांच्याकडे एक तरुण शिकायला आला. येताना त्याने थोरल्या भावाचा ट्रक आणला होता. भाऊ ट्रक चालवी, हा त्याचा क्लीनर. पण ज्या दिवशी घाटाच्या तिसऱ्या वळणावर फरशीने भरलेला तो ट्रक चढावर बंद पडला, त्या दिवशी भाऊ एकटाच होता. चाकामागे दगड लावायला तो स्वतः खाली उतरला आणि ट्रक सरकून त्याच्या अंगावर आला. भाऊ जागीच गेला. ट्रकला ओरखडाही उमटला नाही.

"इंजिन कमी पडलं, वस्ताद," तरुण म्हणाला. "ओढ असती तर ट्रक थांबलाच नसता. मला शिकवा. मी हे इंजिन असं करीन, की ते या घाटात पुन्हा बंद पडणार नाही."

वस्तादांनी पान्यांची पेटी त्याच्यापुढे सरकवली.

तरुण इंजिनावर तुटून पडला. डिझेल-पंपाचे शिशाचे सील त्याने तोडले आणि इंजिनात जास्त डिझेल जावे म्हणून पंपाचा स्क्रू पिळत नेला. भंगारातून ओढ वाढवणारा टर्बो आणून बसवला. सायलेन्सर कापला. हात भाजला तरी थांबेना, ताट समोर आले तरी उठेना. इंजिन चालू केले की रस्त्यावर धुराचा काळोख पसरे.

"काय रे, ट्रक आहे का वीटभट्टी?" एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"तुझ्या गाडीला दोरी बांधून वर नेऊ का?" तरुण तितक्याच जोरात ओरडला.

वस्ताद एवढेच म्हणाले, "हवा आहे तेवढंच डिझेल जळतं, पोरा. उरलेलं धूर होऊन जातं."

"जाऊ दे. ओढ तर वाढली ना!"

अखेर एके दिवशी वस्ताद म्हणाले, "त्या दिवशी होता तेवढाच माल भर. मीही येतो."

ट्रक घाटाला लागला. इंजिन गर्जत होते. पहिले वळण गेले, दुसरे गेले. तिसरे आले, तेव्हा तरुणाचे डोळे पेटले. "बघा वस्ताद! बघा कसा चढतोय!"

"थांबव," वस्ताद म्हणाले.

"इथं?"

"इथंच. इंजिनही बंद कर."

तरुणाने ब्रेक दाबला आणि किल्ली फिरवली. भरलेला ट्रक चढावर उभा राहिला. वस्तादांनी दार उघडले, कठड्याजवळचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि ते वाकत वाकत ट्रकच्या मागे चालू लागले.

आरशात ते दृश्य पाहताच तरुणाच्या तोंडून किंकाळी फुटली. "वस्ताद! मागं जाऊ नका! पाया पडतो, बाजूला व्हा!"

वस्ताद थांबले नाहीत. मागच्या चाकाला दगड नीट टेकवून ते शांतपणे खिडकीपाशी आले.

"वेड लागलंय का तुम्हाला? ट्रक सरकला असता तर?"

"कसा सरकेल? ब्रेकवर तुझा पाय होता ना?"

तरुणाने ब्रेकवरच्या आपल्या पायाकडे पाहिले.

वस्ताद म्हणाले, "चढावर गाड्या बंद पडायच्याच, पोरा. पंप कितीही उघड. म्हणून तर ड्रायव्हर घाटात एकटा जात नाही. एकानं ब्रेक धरायचा, दुसऱ्यानं दगड लावायचा. त्या दिवशी इंजिन बंद पडलं हे खरं. पण इंजिन उघडता येतं, त्यातलं बिघडलेलं बदलता येतं. म्हणून तू त्यालाच धरून बसलास."

तरुणाने कपाळ स्टिअरिंगवर टेकले. "आमचं भांडण झालं होतं," तो म्हणाला. "काहीच नव्हतं, चहावरून. मी धाब्यावर उतरलो. म्हटलं, जा एकटाच. दादानं दोनदा हॉर्न वाजवला, वस्ताद. मी पाठ फिरवून बसलो."

त्याने मान वर केली.

"मी असतो तर वाचला असता का?"

खोटे बोलून धीर देणे वस्तादांना सोपे होते. पण ते खोटे बोलले नाहीत. "बहुधा वाचला असता," ते म्हणाले.

"मग आता मी काय करू?"

"ते मला ठाऊक नाही. याला लावायचा पाना माझ्या पेटीत नाही."

तरुण रडू लागला. भाऊ गेल्यापासून तो इंजिनावर ओरडला होता, पान्यांवर, रस्त्यावर ओरडला होता. रडला मात्र आज. हुंदक्यांनी त्याचे सारे अंग हलत होते. दगड लागला होता, पाय काढला असता तरी चालले असते. पण वस्ताद ट्रकला वळसा घालून, दार उघडून, त्याच्या शेजारी येऊन बसेपर्यंत त्याने ब्रेकवरचा पाय उचलला नाही.