कोरडी फरशी

"एक थेंब तरी दिसतो का, महाराज?"

सदानंद गुडघे टेकून गाडीखालच्या फरशीवर हात फिरवीत होता. त्याने तळवा वर करून दाखविला. तळवा कोरडा होता.

घाटमाथ्यावरील मठाची ती सात आसनी गाडी सतरा वर्षांची झाली होती. सदानंद मठात साधू व्हायला आला तो यंत्रशास्त्राची पदविका घेऊन. तेव्हापासून गाडीची सारी देखभाल त्याच्याकडेच होती. आज ती मठाच्या अन्नछत्रासाठी विकली जायची होती.

केशवगिरी महाराज पायरीवर बसले होते.

"गेल्या महिन्यात गळत होती," ते म्हणाले.

"होती."

"रेडिएटर बदललास?"

"नऊ हजार सांगितले. पुढचे शॉकअब्सॉर्बर अकरा हजार. सरकत्या दाराचे रोलर झिजलेत, क्लच संपत आलाय... सगळं धरून बेचाळीस हजार. जुन्या गाडीवर एवढं घालून विकली, तर अन्नछत्राच्या हाती काय येणार?"

"मग गळती थांबली कशी?"

सदानंद किंचित हसला.

"पाण्यात हळद टाकली. गॅरेजवाल्यांची जुनी युक्ती आहे. बारीक भोकं बुजतात."

"आणि पाणी फिरण्याच्या नळ्या?"

"त्याही... थोड्या बुजतात."

"मग?"

"सपाटीवर काही होत नाही."

"घाटात?"

...

"घाटात तापते," सदानंद म्हणाला.

"निवृत्तीला हे ठाऊक आहे?"

"त्यांनी विचारलं, गळते का? मी म्हटलं, खाली हात लावून पाहा. त्यांनी पाहिलं. मी एक शब्दही खोटा बोललो नाही, महाराज."

महाराजांनी डोळे मिटले.

निवृत्ती खोत गावात पिठाची गिरणी चालवीत असे. त्याच्या वडिलांची, दौलतअण्णांची, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना घाट उतरून इस्पितळात न्यावे लागे. तिथे यंत्रावर रक्त शुद्ध होई. एक खेप चुकली तरी त्यांना धाप लागे. एसटीचा थांबा गावापासून मैलभर दूर होता, आणि तेवढी वाट निवृत्ती त्यांना पाठीवर घेऊन चालत असे. गाडी हवी होती ती यासाठी.

थोड्याच वेळात तो आला. अण्णा पाठीवर होते. मागून त्याची बायको सुमन, हातात पूजेचे ताट. आज इस्पितळाचा दिवस होता. गाडी पूजून त्याच गाडीने खाली जायचे त्यांनी ठरविले होते.

निवृत्तीने अण्णांना पायरीवर उतरविले.

"सुटलं एकदाचं हे गाढव," अण्णा म्हणाले. "आजपासून याची पाठ मोकळी."

"गाढव म्हणता, आणि मान कशी आवळून धरता ते नाही सांगत," निवृत्ती म्हणाला.

"पडलो असतो तर? नवा बाप कुठून आणला असतास?"

सुमन पदराआड हसली. मग तिने ताट महाराजांपुढे धरले. ताटात हळदकुंकू होते, नारळ होता, चाकांखाली ठेवायची लिंबे होती.

"महाराज, पहिलं बोट तुमचं."

महाराजांनी ताट घेतले. क्षणभर त्याकडे पाहिले. मग ते सदानंदापुढे धरले.

"तू लाव."

"मी? महाराज, आपण असताना..."

"हळद तू लाव."

सदानंदाने हळदीत बोट बुडविले. तो गाडीपुढे गेला. सुमनने हात जोडले. अण्णांनीही बसल्याजागी हात जोडले.

बोट गाडीच्या पत्र्यापाशी गेले, पण टेकले नाही.

...

त्याने बोट मागे घेतले.

"निवृत्तीभाऊ," सदानंद पाठमोराच म्हणाला, "या गाडीतून अण्णांना नेऊ नका."

मग त्याने सगळे सांगितले. हळद सांगितली, बुजलेल्या नळ्या सांगितल्या. अर्ध्या घाटात पाणी उकळून इंजिन बंद पडेल, हेही सांगितले.

सुमनने आपले ताट महाराजांच्या हातून परत घेतले आणि त्यावर पदर ओढला.

निवृत्ती गाडीकडे वळला.

"मी फरशीला हात लावून पाहिला होता," तो सावकाश म्हणाला. "दोनदा."

सदानंदाने मान खाली घातली.

"पैसे मी दिले नव्हते अजून. पैशांचं नाही काही," निवृत्ती म्हणाला. "पण मठातली गाडी म्हणून दुसऱ्या कुणा मिस्त्रीला दाखवली नाही. तेवढंच."

...

महाराज उठले.

"गाडी उद्या मिस्त्रीकडे जाईल," ते म्हणाले. "जे जे बिघडलं आहे ते सगळं दुरुस्त होईल. अन्नछत्र काही दिवस एकवेळ चालेल. त्यानंतर घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. घेतलीत तर दुरुस्तीचा भार तुमच्यावर नाही."

"ते पुढचं पुढे बघू," अण्णा म्हणाले. "आजचं काय? एसटी निघून जाईल. चल रे निवृत्ती."

निवृत्ती पायरीशी वाकला. महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला उभे केले.

त्यांनी सदानंदाकडे पाहिले.

सदानंद पुढे झाला आणि अण्णांपुढे पाठ करून वाकला.

अण्णांनी एकदा मुलाकडे पाहिले, एकदा त्या भगव्या पाठीकडे. मग दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती टाकले.

"हाडं टोचतील हो, साधूबाबा. मांस काही राहिलं नाही माझ्यात."

सदानंद उठला. पहिल्या पावलाला तो डळमळला. निवृत्तीने आधाराला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

फाटकापाशी सदानंद थांबला. त्याचा श्वास आताच वाढला होता. मागे वळता येत नव्हते, म्हणून त्याने समोर रस्त्याकडे पाहतच विचारले,

"महाराज... किती दिवस?"

"गाडीचे किती, ते मिस्त्री सांगेल. तुझे तू ठरव."