रिकामा साकव

“आणि हा ‘व’ कुठं गेला रे?”

नीळकंठानं मांडीवरचा लॅपटॉप बुवांकडे आणखी वळवला. बुवा मठाच्या उंबऱ्यावर बसले होते, तो समोरच्या वेताच्या झोपाळ्यावर, मांडी घालून ऐसपैस.

“व म्हणजे साकवावरचं वजन, बुवा. दोन्ही बाजूंना होतं. छेदलं गेलं.”

“कुणी छेदलं?”

“यातल्या या प्रोग्रॅमनं. हा आकड्यांवर अडत नाही. अक्षरांचं समीकरण दिलं की अक्षरांतच सोडवून देतो. मला हातानं आठवडा लागला असता.”

बुवांनी पडद्याकडे पाहिलं. मग नीळकंठाकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे.

नीळकंठाला ती नजर ओळखीची होती. मठात येण्याआधी बुवा हायस्कुलात बीजगणित शिकवत, तेव्हा बरोबर आलेल्या उत्तराकडेही ते असेच बघत. चोर पकडल्यासारखे. ताळा केल्याशिवाय उत्तर तोंडातून काढायचं नाही, हा त्यांचा नेम.

म्हाताऱ्याला यंत्राचा राग आहे, त्याला वाटलं. आपल्या हातचं गेलं म्हणून.

पण आज म्हाताऱ्याशिवाय चालणार नव्हतं. नदीवरचा जुना साकव वादळात तुटला, तेव्हापासून पलीकडच्या वाडीनं धसकाच घेतला होता. नीळकंठानं बांधलेला नवा झुलता साकव दिमाखात उभा होता, उद्या तो खुला व्हायचा होता. पण वाडीवाल्यांनी निक्षून सांगितलं होतं, बुवा आधी चालून जातील तर आम्ही पाय ठेवू.

“तर मग उत्तर काय म्हणतंय?” बुवा म्हणाले.

“वारा कितीही सुटो, साकव हातभराच्या वर डुलत नाही. वर माणसं किती आहेत याच्याशी संबंधच नाही. वजन कितीही असो.”

“कितीही?”

“कितीही.”

“मग शून्य घाल.”

नीळकंठ हसला. “शून्य कसं घालणार? वजनानं तर भागलंय.”

“शून्यानं भागलंस?”

“मी नाही, बुवा. यानं भागलं.”

“भागताना तुला विचारलं त्यानं? बाबा रे, हे शून्य तर नाही ना, म्हणून?”

“विचारत नाही तो. शून्य नाही असंच धरून चालतो.”

“आणि तू?”

नीळकंठानं पडद्यावरची ओळ पुन्हा वर सरकवली.

खाडीकडून वारा आला. माडांची झावळं सळसळली. नीळकंठाखालचा झोपाळा जागचा हलला नाही.

“ऊठ,” बुवा म्हणाले.

“कशाला?”

“ऊठ रे जरा.”

तो लॅपटॉप छातीशी धरून उठला आणि बाजूला उभा राहिला. दोघं वाऱ्याची वाट बघत राहिले.

वारा आला. हलका झोपाळा एका अंगानं उचलला गेला, गिरकी घेऊन परतला आणि खांबावर आदळला. पुन्हा आदळला. कड्या कुरकुरत राहिल्या.

नीळकंठ एक पाऊल मागे सरला.

“पण बुवा,” तो चाचरत म्हणाला, “रिकामा असताना आपटला तर आपटू दे की. वर कोणी नाहीच, तर पडणार कोण? माणसं आली की वजन आलंच. मग माझं उत्तर बरोबरच आहे.”

“बरोबरच आहे,” बुवा म्हणाले.

“मग उद्या याल ना?”

बुवा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. झोपाळ्यापाशी गेले. हेलकावणारी कड त्यांनी तळव्यानं अलगद थोपवली, रडणारं मूल थोपटावं तशी. त्यावर ठेवायला त्यांनी एक पाय उचलला… आणि तसाच, न टेकवता, अधांतरी धरून ठेवला.

“येईन की. पण नीळू, पहिला पाय कुणाचाही असो, तो रिकाम्याच साकवावर पडतो.”