मोटरमधला बसलेला देव

यंत्रांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. एका साखर कारखान्यात उसाचा चरक फिरवणारी मोटर होती. तिच्या पोटात दोघे राहत: फिरणारा आर्मेचर आणि त्याच्याभोवती स्थिर बसून चुंबकबळ देणारे तांब्याचे वेटोळे.

हंगामाच्या पहिल्या दिवशी दाजीबा मिस्त्रींनी मोटरच्या दांड्याला हळदकुंकू वाहिले. दांडा आर्मेचरचाच, त्यामुळे त्याला गर्व चढला.

"वेटोळेबुवा, तुम्ही नुसते बसून वीज खाता," असे म्हणून तो नव्या डिजिटल नियंत्रकाकडे वळला. "यांची वीज कमी करा हो. मग माझा वेग पाहा."

"वेग वाढेल, पण बळ घटेल," नियंत्रक म्हणाला.

"बळाचे माझे मी पाहतो."

नियंत्रकाने ऐकले. रिकामा चरक भरधाव फिरू लागला आणि आर्मेचर हरखला. इतक्यात पूजेची पहिली मोळी चरकात पडली. तो अडखळला, तापला. अंगावरच्या तारा करपू लागल्याचा वास सुटला.

"बुवा, सांभाळा," तो कळवळला.

"मी इथेच आहे," वेटोळे शांतपणे म्हणाले. "नियंत्रका, माझा वाटा मला दे."

वीज परतली. वेग उतरला, बळ आले आणि मोळीतून रस वाहू लागला. दाजीबांनी त्या रसाचा नैवेद्य दांड्यापुढे ठेवला.

"बुवा," आर्मेचर हळूच म्हणाला, "नैवेद्य माझ्यापुढे आला, पण देव आत बसला आहे."

"तू फिरत राहा, बाळा," वेटोळे म्हणाले. "तू फिरतोस, म्हणूनच माझे बसणे सफळ होते."