आठ रिकामी पानं

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आमच्या घेरवाडीत पारावर नऊ पानं मांडतात. आठ पानं रिकामी असतात. नवव्यावर एक आंबट कैरी असते. आलेला पाहुणा विचारतोच, की आठ पानं वाढायची राहिली का? तेव्हा जुनी माणसं हे सांगतात.

फार पूर्वी या डोंगरउतारावर नऊच आंबे होते म्हणे, आणि नऊही वेगळ्या जातीचे. खोबऱ्या, केळ्या, शेंदऱ्या, मधाळ्या अशी त्यांची नावं. नववा आमट्या. त्याच्या फळाला वानरंसुद्धा तोंड लावत नसत. माणूस गेलं की सरणाला आंब्याचंच लाकूड लागे, त्याशिवाय जीव सुटत नाही अशी समजूत होती. झाड तोडायचं काम सोनजीचं.

एका पावसाळ्यात पटकीची साथ आली. आठ माणसं गेली, आणि सोनजीनं आठ झाडं तोडली. खोबऱ्या पाडला त्या दिवशी तो जेवला नाही, असं सांगतात. नववा आजारी पडला तो स्वतः सोनजी. बायकोला, ठकूला म्हणाला, "माझ्यासाठी नको. आठ झाली, बास."

तो गेला. वाडीतले जाणते तातोबा कुऱ्हाड घेऊन आमट्याखाली उभे राहिले. ठकू आडवी आली.

"वहिनी, त्या आमट्यासाठी नवऱ्याला अडकवून ठेवता? कोय लावू की. पुन्हा येईल."

"कोयीतून झाड येईल, भावोजी. आमट्या येईलच असं नाही."

"आणि याचा जीव सुटला नाही तर?"

"नाही सुटला तर इथंच राहील. मला चालेल."

मग तिनं घराची दोन्ही कवाडं उतरवली, माळ्याच्या फळ्या काढल्या आणि त्यावर सोनजीला अग्नी दिला. उरलेला पावसाळा तिनं बिनकवाडाच्या घरात काढला. वारा चुलीपर्यंत यायचा. श्रावण सरायच्या आत तीही गेली. तिच्या सरणाला घराचे वासे काढले. आमट्याला कुणी हात लावला नाही.

पुढं लोकांनी घरोघरी राखेत ठेवलेल्या कोयी लावल्या. खोबऱ्याची कोय, केळ्याची कोय. झाडं आली, वाढली, फळाला आली. प्रत्येकाची चव निराळी, वास निराळा. आज उतारावर शंभरावर आंबे आहेत आणि एकासारखा दुसरा नाही. पण त्यात खोबऱ्या नाही, केळ्या नाही. ज्यांनी ती चव घेतली होती ती माणसं दर मोसमात प्रत्येक नवं फळ चाखून मान हलवत राहिली. नंतर तीही गेली.

आजही घेरवाडीत सरणाला आंबा तोडत नाहीत, घराचं मागचं कवाड देतात. आजही आखितीला पारावर त्या आठ झाडांची नावं घेतात, आणि प्रत्येक नावानंतर थोडं थांबतात. मग नवव्या पानावरची आमट्याची कैरी कापून सगळ्यांना एकेक फोड देतात. तोंड वाकडं करायचं नाही, अशी रीत आहे.