मेंदू की कातडी

"...मग मेंदू की कातडी, सर? तुम्ही सांगाल ते भरतो."

सर बोटांना तेल चोळत बसले होते, तसेच चोळत राहिले.

मी मठाची कोठी सांभाळतो. त्या दुपारी ओसरीच्या टोकाला तांदूळ निवडत होतो. आता मठात बसून असलं काही विचारतात का, म्हणून मी मान वर केली. खाटकाच्या दुकानातलं बोलणं वाटलं मला.

मग कळलं, की हे डॉक्टर लोकांचं बोलणं आहे.

सर म्हणजे डॉक्टर कारखानीस. मोठ्या सरकारी कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवायचे. बायको गेल्यावर मठात चार दिवस म्हणून आले ते इथलेच झाले. आरतीला येत नाहीत, देवापुढं उभे राहत नाहीत, तरी गाव त्यांना डॉक्टरमहाराज म्हणतं. कानावर पडलं की शिव्या घालतात. संधिवातानं बोटं पार वाकडी झालीत, भाकरीसुद्धा मी मोडून देतो.

विचारणारा होता यशोधन मुळीक, त्यांचा लाडका विद्यार्थी. लाडका म्हणजे किती, तर सर त्याच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. सरांच्या बाबतीत हे फार झालं.

बरीच वर्षं अमेरिकेत होता तो. तिथल्या सगळ्या परीक्षा पास, आणि मार्क असे की तिथल्या पोरांनाही पडत नाहीत. हे त्यानं आल्या आल्या सांगितलं आणि चहा पिताना परत सांगितलं.

पण तिथं म्हणे नुसतं पास होऊन भागत नाही. एखाद्या शाखेचं पुढचं शिक्षण घ्यायला इस्पितळात जागा लागते, आणि ती मिळेपर्यंत तुम्ही कुणीच नाही. बाहेरच्या देशात शिकून आलेल्यांची रांग वेगळी आणि लांबलचक. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी यानं दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा हात हलवत परत.

आता ही शेवटची खेप. कॉलेज सोडून जितकी वर्षं जास्त, तितका माणूस शिळा, असा तिथला हिशेब. यंदा अर्ज भरताना परत मेंदूलाच भिडायचं की कातडीच्या रोगांकडं वळायचं, एवढं त्याला या आठवड्यात ठरवायचं होतं. दोन्हीकडं सारखीच मारामारी. चुकला तर आजवरची सगळी वर्षं पाण्यात.

"साध्या दवाखान्याची शाखा नसते का तिथं?" सरांनी विचारलं. "सर्दी, ताप, म्हाताऱ्यांचे गुडघे?"

"असते. तिकडं जागाही मिळते. आपली बरीच मुलं जातात तिकडं."

'बरीच मुलं' हे त्यानं असं काही म्हटलं, की मला त्या पोरांची कीव आली.

"मी कशाला जाऊ, सर? मी तुमच्या हाताखाली शिकलोय."

सर हसले. चांगलं नाही हसले.

मग त्यांनी विचारलं, तिथं दिवसभर करतोस काय? आणि गडी खुलला. कुठल्या कुठल्या नामांकित सर्जनच्या मागं आपण उभे राहिलो, कुणी आपल्याला नावानं ओळखलं, कुणी कॉफी पाजली, सगळं सांगत सुटला. आमचा भाचा मंत्र्याच्या गाडीजवळ उभा राहून फोटो काढून आला होता, तेव्हा असाच बोलत होता.

"उभा राहतोस. बरं. आणि?"

"बघतो."

"आणि?"

"...बघतोच, सर. अजून परवाना नाही ना. रोग्याला हात लावायचा नसतो. हात मागं धरून उभं राहायचं, तसा नियमच आहे."

सर परत तेल चोळायला लागले.

एवढ्यात दारात टमटम थांबली. वरच्या आळीची हौसाबाई आणि तिची सून. हौसाबाईचं तोंड उघडं होतं, वासलेलं, आणि ते मिटत नव्हतं. लाळ गळून पदर भिजला होता. डोळ्यांतून पाणी चाललेलं. बोलायला जायची आणि घशातून नुसता घोगरा आवाज निघायचा.

"जांभई दिली का?" सरांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"प्रवचनात दिली," सून म्हणाली.

मला हसू आलं, ते मी गिळलं. म्हातारीकडं बघवत नव्हतं.

सर उठले नाहीत.

"यशोधन. जबडा निखळलाय. बसव."

तो उठला. तिच्यापुढं जाऊन वाकला, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मग बोलायला लागला. कुठला सांधा, तो पुढं कसा सरकतो, एका बाजूचा की दोन्ही. हाड मोडलंय का हे आधी एक्स-रे काढून बघायला हवं. तिकडं जबड्याचा डॉक्टरच वेगळा असतो, तोच हे करतो. सगळं बरोबरच असणार. ऐकत राहावं असं बोलत होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर. बसव आता."

आणि तेव्हा मला दिसलं. त्याचे हात पाठीमागं होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं, घट्ट. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

"मुळीक," सर हळू म्हणाले, "...हात."

त्यानं हात पुढं घेतले. हनुवटीजवळ नेले. तिथं थांबले ते. ऊन नव्हतं, तरी त्याच्या कपाळावर घाम आला. हौसाबाई डोळे मोठे करून त्याच्याकडं बघायची, मग सरांकडं बघायची. तिला विचारता येत नव्हतं, की बाबा, कशाला थांबलायस.

हात परत मागं गेले.

"कॅज्युअल्टीत हे काम तूच करायचास," सर म्हणाले. "मला उठवायचासुद्धा नाहीस. सकाळी येऊन सांगायचास."

"...आता नाही जमत, सर."

सर भिंतीला धरून उठले. तेलाची बोटं धोतराला पुसली, माझ्याकडून पंचा मागून घेतला, त्याच्या चिंध्या करून दोन्ही अंगठ्यांना गुंडाळायला सांगितल्या. सुनेला म्हणाले, मागून डोकं धर. मग अंगठे म्हातारीच्या मागच्या दाढांवर ठेवले आणि खाली दाबले.

अंगठ्यांत जोर कुठला? सरकले. वेदनेनं सरांचा चेहरा काळा पडला. मी म्हटलं, राहू द्या, तालुक्याला नेऊ तिला. त्यावर ते मला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

परत ठेवले. या वेळी अंगाचा सगळा भार टाकला, म्हातारा जवळजवळ तिच्या अंगावरच पडला. कट् असा आवाज झाला आणि तोंड मिटलं. सरांच्या अंगठ्यावरच मिटलं.

हौसाबाईनं जबडा हलवून बघितला. पहिलं वाक्य काय बोलली, तर त्या बुवाला पुन्हा गावात बोलावू नका. मग सरांचे हात धरून रडली. आठ दिवस पातळ खा, मोठी जांभई देऊ नको, असं सांगून सरांनी तिला टमटममध्ये बसवून दिलं.

यशोधन खांबाला टेकून उभा होता. टमटम वळली तसा तो बोलायला लागला, आणि आता इतका वेळचा तोरा कुठल्या कुठं गेला होता. मला वाईट वाटलं त्याचं, खोटं कशाला बोलू? वडील गेले तेव्हा येता आलं नाही, म्हणाला. तेव्हा व्हिसाचं अडलं होतं, एकदा बाहेर पडलं तर परत आत घेतील याची खात्री नव्हती, म्हणून फोनवर अग्नी बघितला. बरोबरीच्या पोरांचे इथं दवाखाने झाले, मुलंबाळं झाली. आणि आपण रोज सकाळी इस्त्रीचा कोट घालून दुसऱ्याच्या पाठी बघायला जातो.

"आणि पाठवलं कुणी मला? तुम्ही, सर. तुझे हात इथं वाया जातील, असं तुम्ही म्हणाला होतात."

सरांनी अंगठ्याची चिंधी सोडली. रक्त होतं. ते त्यांनी त्याच चिंधीनं पुसलं.

"म्हणालो होतो."

...

इतकी वर्षं त्यांच्याजवळ राहतोय, पण ते इतके म्हातारे मला कधी दिसले नव्हते.

यशोधन जवळ येऊन बसला. त्याचा आवाज उतरला होता. ही नुसती सवय आहे म्हणाला, दुसरं काही नाही. रोज दहा जण ओरडतात, हात लावू नका, हात लावू नका. मग अंगात मुरतं. एकदा जागा मिळाली की हात आपोआप परत येतील. येणारच.

"तेवढं फक्त सांगा, सर. काय भरू?"

"हात दाखव."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. सरांनी आपल्या वाकड्या बोटांनी त्याचा तळवा चाचपला. एकेक बोट दाबून बघितलं, सावकाश. लांबसडक, सरळ बोटं होती पोराची. सर्जनची बोटं असतात तशीच, मला सुद्धा कळलं.

"छान ठेवलेस," सर म्हणाले आणि हात सोडले. "कुठंही भर."

तो, सर आणखी काही बोलतील म्हणून वाट बघत असावा. बाहेर थांबलेल्या त्याच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, तसा उठला, पिशवी खांद्याला लावली, आणि निघताना रीतीप्रमाणं सरांच्या पाया पडायला वाकला.

सरांनी पाय वर घेतले.

"हात लावू नको," ते म्हणाले. "...सवय मोडेल."