कधीही न पडलेला

एकदा एका लष्करी छावणीच्या गावात एक नामवंत मुष्टियोद्धा राहत होता. बारा वर्षं तो अजिंक्य होता असं लोक सांगत. ते खोटं. चार लढती तो गुणांवर हरला होता. पण रिंगणात तो एकदाही खाली पडला नव्हता, हे मात्र खरं. आणि त्याचाच त्याला सगळ्यात मोठा अभिमान.

अडतिसाव्या वर्षी त्यानं आणखी एक लढत स्वीकारली आणि बायकोला घेऊन आपल्या वृद्ध वस्तादाकडे गेला.

"वस्ताद, शेवटची लढत. माझ्या कोपऱ्यात तुम्हीच पाहिजेत."

"मागचीही शेवटचीच होती ना रे?"

"तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो खरा. बस, चहा घे."

चहा पिता पिता म्हाताऱ्यानं एक गोष्ट सांगितली. पलटणीतल्या एका बॉक्सरचं वजन लढतीच्या सकाळी थोडं जास्त भरलं. त्यानं डोकं भादरलं, तरी काटा हलेना. शेवटी त्यानं तोंडातली कवळी काढून पंचाच्या हातात दिली आणि काट्यावर उभा राहिला. योद्धा पोट धरून हसला. बायकोही हसली.

म्हाताऱ्यानं कप विसळले, परत येऊन बसला आणि तीच गोष्ट पुन्हा सांगितली. योद्धा पुन्हा तसाच हसला. बायकोला वाटलं, वस्ताद थकले आता. ती मान राखण्यापुरती हसली.

थोड्या वेळानं तिसऱ्यांदा तीच गोष्ट. योद्ध्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "ही कधी सांगितली नव्हतीत, वस्ताद."

बायको आता हसत नव्हती. "अहो, तिसऱ्यांदा सांगितली त्यांनी."

"काहीतरीच काय."

"तिसऱ्यांदाच," वस्ताद म्हणाला. "रागावू नकोस, ऐक. जो पडतो, त्याच्यावर पंच दहा अंक मोजतो. डॉक्टर त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारतो, महिनाभर घरी बसवतो. त्याच्या डोक्याला तेवढा तरी विसावा मिळतो. तू पडलाच नाहीस, म्हणून तुला कुणी घरी बसवलं नाही. एकेक ठोसा उभ्याउभ्या खाल्लास आणि आम्ही गाढवांनी टाळ्या वाजवल्या. खाल्लेला ठोसा जातो कुठे, हे मला कुणी शिकवलं नाही, मी तुला शिकवलं नाही. पाय पक्के ठेव, एवढंच सांगत राहिलो. तो दोष माझा. मागच्या वेळी हो म्हणालो, तोही माझाच. आता म्हणणार नाही."

मग योद्ध्यानं बायकोला हळूच विचारलं, "घरीही असंच होतं?"

"सहा महिने झाले," ती म्हणाली. "धाकटीला तिचंच नाव विचारता तुम्ही. ती सांगते. तिला तो खेळ वाटतो."

योद्धा स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. जगात त्या हातांना भीत नाही असा माणूस तेव्हा विरळाच होता. तो स्वतःच आज प्रथम भ्यालेला होता.

"वस्ताद," तो म्हणाला, "मी लढत नाही. हे मी आज म्हणालो, तुम्ही लक्षात ठेवा. उद्या विसरून पुन्हा दारात आलो, तर मला सांगा."

"येशील तितक्या वेळा सांगीन," वस्ताद म्हणाला.