कौलशिळेपुढे उभे राहिलेले मास्तर

फार वर्षं झाली, आपल्या पणज्या तेव्हा परकरात होत्या. कोकणात नदीच्या अल्याड निवेखोल गाव आणि पल्याड दवाखाना. निवेखोलच्या होडीवाल्याचा मुलगा अनाजी तारी शिकून मास्तर झाला. एका पावसाळ्यात त्यांची बहीण द्वारकी बाळंतपणात अडली. नदीला पूर, होडी घालता येईना. द्वारकी काठावरच गेली. तेव्हापासून मास्तरांना एकच ध्यास, इथं पूल हवा.

पूल देणार सरकार, आणि सरकारला विचारायचं कौन्सिलात. म्हणून मास्तर निवडणुकीला उभे राहिले आणि भल्याभल्या खोतांना लोळवून निवडून आले. गावाची जीभ कौन्सिल म्हणायला काही वळेना. गाव म्हणे, कौलशीळ. देवाच्या पाषाणाला ओली कळी लावून कौल मागतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, तशीच ही सरकारची शीळ असणार. गावातल्या म्हाताऱ्या येसूकाकीनं मास्तरांच्या पागोट्यात तगरीची कळी खोवली.

"शिळेक लाव, नि उजवी मागून घे."

मास्तर हसले, पण कळी काढली नाही.

कौन्सिलात उत्तर मिळे, विचार करू. मास्तर परतले की काकी विचारी, "डावी काय उजवी?"

"अजून चिकटलेली असा, काकी."

अशी आठ वर्षं गेली. शेवटी मास्तर चिडले. प्रश्न विचारून ते खाली बसेचनात. अध्यक्षांनी दटावलं तसे म्हणाले, "आमच्याकडे कौल पडेपर्यंत मागणारा बसत नाही."

असं म्हणतात, ते तीन दिवस उभे होते. पाय सुजून वहाणा तुटल्या, पण पागोट्यातली कळी सुकली नाही. तिसऱ्या दिवशी ती आपसूक सुटली आणि उजवीकडे, सरकारी बाकावर, मोठ्या साहेबाच्या कागदावर पडली. साहेबानं कळीकडे पाहिलं, मास्तरांच्या पायांकडे पाहिलं आणि सही केली.

पूल झाला. हार घेऊन आलेल्या पुढाऱ्यांना थांबवून मास्तरांनी आधी एका अडलेल्या बाईची डोली पार नेली. पल्याड मूल रडलं तेव्हा मास्तर द्वारकी गेल्यापासून पहिल्यांदा रडले, आणि मग पुलाच्या कठड्यावर टेकले.

निवेखोलात अजूनही मत मागायला येणाऱ्याला बसायला पाट देत नाहीत. आधी उत्तर, मग पाट. आणि बाळंतपणासाठी कुणी पूल ओलांडायला निघाली की सोबतची बाई उजव्या कठड्यावर तगरीची कळी ठेवते नि तिच्या पाठीवर हात फिरवते, "भिया नको गो. मास्तर उभे असत."